रामभाऊंच्या खडकापाशी

बायपासनंतर सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घरात जपून जपून मीच कंटाळले होते. डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिली आणि आम्ही रामभाऊ फोटोवाल्यांचा खडक शोधायला निघालो. लोक फक्त चेहऱ्यांचे फोटो काढून घेत त्या काळात हा माणूस काचेच्या प्लेटा बैलगाडीत घालून वर्धा जिल्ह्यातले नाले नि टेकड्या टिपत हिंडला. हिंगणीजवळच्या नाल्याकाठच्या खडकाचा त्यांनी काढलेला फोटो मी इंटरनेटवर पाहिला होता, अंधुक आणि नखाएवढा.

नागपूरहून सकाळी निघा, पेट्रोल सेलूतच भरा. तिथे तर्री-पोहे खाल्ले. सुधीरला नुसते पोहे. ते त्याने माझ्या तर्रीकडे बघत संपवले. हिंगणीच्या पुढे रस्ता अरुंद आहे.

खडक सापडला. भर दुपारी तिथे एक पाखरू बोलत नव्हतं. रामभाऊंसारखंच करायचं म्हणून काळं फिल्टर लावून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला. अशा फोटोत हलणारं विरतं, स्थिर तेवढं उरतं. खडकाची उंची कळावी म्हणून सुधीरला शेजारी उभं केलं. "हलू नकोस," मी बजावलं. मधेच वाटलं, माझ्या मागेही कुणीतरी न हलता उभं आहे. मी वळून पाहिलं नाही. फोटो कसा आला ते उन्हात कळेना.

तिथून वर्ध्यावरून नाचणगाव. रामभाऊंचे नातू मनोहरराव तिथे कापडाचं दुकान चालवतात. मूळ फोटो गल्ल्यामागे टांगलेला, मोठा, लख्ख. त्यात खडकाशेजारी धुरासारखी एक बाई होती.

"आमची आजी," मनोहरराव म्हणाले. "खडक केवढा ते समजावं म्हनून आज्यानं उभी केलती. जराबी नाई हलली म्हने, तरी अशी पुसट आली. त्याच साली गेली. मंग आज्यानं कॅमेऱ्याले हात नाई लावला." मग माझ्याकडे पाहून, "तुमी तिथं कोनाले उभं नाई केलं न?"

"मलाच," सुधीर हसत म्हणाला.

मनोहरराव हसले नाहीत. हातातलं कापड घडी करत म्हणाले, "चहा घेऊनच जा."

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. नाल्याच्या वाहत्या पाण्याची साय झाली होती, खडक स्वच्छ आला होता. सुधीरच्या शर्टातून मागचं गवत दिसत होतं.

"हललास ना?" मी जरा रागानेच विचारलं.

"नाही गं. श्वाससुद्धा जपून घेत होतो."

त्याचे रिपोर्ट चांगले आहेत, तर्रीसाठी भांडणंही सुरू आहेत. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी तो फोटो इथे ब्लॉगवर टाकलेला नाही. आणि हल्ली सकाळी चहा ठेवायच्या आधी मी त्याला स्वयंपाकघरातून हाक मारते. आतून "ओ" आली की मगच गॅस पेटवते.