डाव्या पायाची पोटरी

माझ्या आईला माणूस आधी हाताला कळायचं, डोळ्यांना नंतर. माकुणसारात कुणाकडे बाळंतपण झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला बोलावणं ठरलेलं. वाडीचं शिंपणं उरकून ती ओवा घातलेलं कोमट खोबरेल घेऊन निघायची आणि बाळंतिणीला चोळून, न्हाऊ घालून, शेकून जेवायच्या वेळेला परत. जेवताना सगळ्या गावाची बित्तंबातमी. अमकीची कंबर धरलीय, तमकीची सून चोरून रडते. चोरून रडते हे तुला कसं कळलं, असं मी विचारलं तर म्हणायची, खांदे सांगतात. बोलता बोलता ती माझं पाऊल मांडीवर ओढून घ्यायची आणि अंगठ्याने तळवा दाबत बसायची. मी कधी मागितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही.

पुढे मी नर्सिंग शिकले आणि मला आईच्या या कामाची थोडी लाज वाटायला लागली. खोटं कशाला बोलू? मैत्रिणींना मी ‘आई वाडी बघते’ एवढंच सांगायचे. आज अठ्ठावीस वर्षांच्या ड्युटीनंतर संध्याकाळी पाय सुजून येतात तेव्हा ते हात आठवतात.

बोईसरच्या एका लहान हॉस्पिटलात मी नोकरीला लागले आणि लग्नानंतर सरावलीला खोली घेतली. काही वर्षांपूर्वी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे येऊन राहिली. तारीख मिळायला वेळ होता आणि आईला रिकामं बसणं माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत परभणीकडचं तरुण जोडपं राहायचं. तो कारखान्यात पाळीने जायचा. तिचं सिझेरियन आमच्याच हॉस्पिटलात झालं होतं, आणि माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. आईला एवढं पुरे होतं. पोर घरी आल्याच्या चौथ्या दिवशी आई तेलाची वाटी घेऊन तिच्या दारात उभी.

सुट्टी देताना मीच त्या पोरीला बजावलं होतं की रोज थोडं चालायचं, पडून राहायचं नाही. पण घरी वेगळाच कायदा. सासूने फोनवरून फर्मान काढलं होतं की सव्वा महिना पलंगाखाली पाय ठेवायचा नाही. नवराही असा गुणी की पाण्याचा तांब्यासुद्धा पलंगावर नेऊन द्यायचा. माझ्या आईचंही मत तेच, बाळंतिणीने पडूनच राहावं. तिघांच्या मायेने ती पोर आठ दिवस पाठीवर पडून होती. मला हे दिसत होतं. एकदा ड्युटीला जाताना मी दारातूनच तिला रागावले, पर्स खांद्यावर तशीच, आणि निघून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

नवव्या दिवशी माझी सकाळची पाळी लांबली आणि मी पाच वाजता घरी आले. आई मोरीत हात धूत होती. हात पुसता पुसता ती म्हणाली, “तिचा डावा पाय उजव्यापेक्षा गरम लागला गं. पोटरी टणक हाय. चोळली तर रडली ती.”

मी हं म्हटलं. माझा चहा व्हायचा होता, चपला अजून पायातच होत्या. थोड्या वेळाने आई पुन्हा म्हणाली की तू एकदा बघून ये, दोन पाय सारखे नाय लागत. मी उद्या बघते म्हणाले आणि मालिका लावली. एकाच पायाला सूज, तोच गरम, तोच दुखरा, आणि त्यात सिझेरियन. परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलं असेल. हॉस्पिटलात कुण्या पेशंटने हे सांगितलं असतं तर धावत गेले असते. पण सांगत होती माझी अडाणी आई, आणि मी घरी होते.

सकाळी सातच्या सुमाराला तिचा नवरा दार ठोठावायला लागला. ती उठून बसली आणि एकदम दम लागला म्हणे. जाऊन बघते तर पोरगी पलंगाच्या कडेला, एका हाताने छाती धरलेली, ओठ काळपट. दोन बायका आधीच हजर होत्या. एक म्हणत होती गॅस झालाय, ओव्याचं पाणी द्या. दुसरी दृष्ट काढायला मीठ आणायला निघाली होती. मी नाडी धरली तर मोजता येईना इतकी जोरात. करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर आणून बोटाला लावलं, शहाऐंशी. मग मी तिच्या गाऊनची कड वर केली आणि डावी पोटरी पाहिली. आई कालपासून जे सांगत होती ते सगळं तिथे होतं. पायात धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती.

घाबरायला वेळ नव्हता. तिला उशा लावून टेकवून बसवली, एक पाऊलही चालायचं नाही म्हणून दटावलं, त्या पायाला कुणी हात लावू नका म्हणून ओरडले. हॉस्पिटलला फोन केला. चाळीतल्या पुरुषांनी तिला खुर्चीसकट जिन्यावरून खाली उतरवलं. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टर आणि ऑक्सिजन तयारच होते. रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं आणि मोठ्या हॉस्पिटलात स्कॅनसाठी पाठवलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी बसले, टाक्यांतून रक्त येतंय का बघत, श्वास मोजत. सगळ्या वाटेवर ती एकच विचारत होती की बाळाला कोण घेतंय. बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं.

स्कॅनमध्ये गुठळी दिसली. पोरगी वाचली, पंधरा दिवसांनी घरी आली.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आई बाळाला थोपटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माज्या चोळण्यानं झालं का?”

मी म्हणाले, “मग कशानं? सुजलेला पाय कधी चोळतात का? मेली असती ती.”

सुजलेला पाय चोळू नये, गुठळी सुटू शकते, हे खरंच आहे. पण ती चोळण्याने सुटली की आपोआप, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला दुपारीच सांगितलं होतं. ते मी आईला सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी मी उठून बघायला गेले असते तर पोरीवर ही वेळच आली नसती, हेही सांगितलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. आईने बाळाचं दुपटं नीट केलं.

डोळ्याचं ऑपरेशन झालं, ती गावी परतली. नंतर वहिनीकडून कळलं की तिने बाळंतिणींकडे जाणं सोडलं. बोलावणं आलं की सांगायची, माजी लेक नर्स हाय, ती नको बोलली. आणि हे म्हणे ती अभिमानाने सांगायची. वहिनी हसत सांगत होती, मला मात्र जेवण गेलं नाही.

त्या केसनंतर माझं हॉस्पिटलात नाव झालं. नव्या मुलींना मीच शिकवते. अचानक दम लागला तर भीती म्हणून, गॅस म्हणून सोडू नका. पाय उघडे करून दोन्ही शेजारी शेजारी बघा. घरातली बाई काही सांगत असेल तर हातातलं टाकून ऐका. मुली लिहून घेतात. हे मला कुणी शिकवलं, ते मी बराच काळ सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिनेच अंथरूण धरलं. मी रजा काढून माकुणसारला गेले. तिच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून दर तासाला तिच्याकडून पंजे वरखाली करून घ्यायचे. ती निमूटपणे करायची, शाळेतल्या मुलीसारखी. एका दुपारी तिचे कपडे धुऊन मी खाटेच्या कडेला बसले. माझे पाय सुजले होते, दोन्ही सारखेच, नेहमीसारखे. तिने हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

“हात लावू का?” तिने विचारलं.

उभ्या आयुष्यात तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी सवयीने म्हणून गेले, नको, दमशील. तिने हात गोधडीत ओढून घेतला आणि म्हणाली, “बरोबर हाय. तुला ठावं.”

सुजलेला पाय म्हणून मी नको म्हणाले, असं ती समजली, हे मला तत्क्षणी कळलं. तेव्हाच सांगायचं होतं की आई, पाय तू ओळखला होतास, मीच उठले नाही. शब्द तोंडाशी आले होते. मी चहा ठेवते म्हणाले आणि आत गेले. कप घेऊन बाहेर आले तोवर तिचा डोळा लागला होता. त्यानंतर आठ दिवस ती होती, आणि आठही दिवस मी तिच्याकडून पंजे हलवून घेतले.