इनामदार सरांची दुर्बीण घ्यावी का?

आपली मैत्रिणींची फिरती वही पोस्टाने माझ्याकडे आली आहे. या वेळी लिहायला काहीतरी आहे. आधी हकिगत, क्रमाने.

१. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आत्याबरोबर इनामदार सरांकडे गेले.
२. त्यांची अडीच इंची दुर्बीण तपासली. नळी पितळी, भिंग स्वच्छ. स्टँडचा एक पाय वाळवीने खाल्लेला.
३. उजेडात साखर कारखान्याची चिमणी पाहिली. सात वाजता शनी पाहिला.
४. घेते की नाही, हे सांगितलं नाही.
५. परत येताना मी रस्त्याने गुणगुणत होते, असं आत्याचं म्हणणं आहे. मला आठवत नाही.

आता सविस्तर. इनामदार सर इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, आणि पुढच्या सोमवारी मुलाकडे पुण्याला कायमचे निघालेत. तिथे गच्ची नाही, म्हणून दुर्बीण द्यायची आहे.

एक गिऱ्हाईक आधीच आहे... गावातले एक कंत्राटदार. त्यांना ती शोकेसमध्ये ठेवायची आहे, पितळ छान चमकतं म्हणून. हे सांगताना सर माझ्याकडे न बघता चष्मा पुसत होते.

तुम्हा चौघींना माहीत आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून मला दुर्बीण हवी आहे. किंमत परवडते, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की, मी राहते आत्याकडे, बदली कधीही होईल, आणि आत्याचं मत तिने वाटेतच दिलं होतं. "लग्नाच्या रुखवतात काय मांडू गं? चांदण्या बघायचं नळकांडं?"

सरांनी गच्चीवर दुर्बीण लावून दिली. मी चिमणीवर रोखली, फोकस केला, साइटच्या टिपणवहीत नोंद केली : 'प्रतिमा स्पष्ट. कडेला किंचित जांभळा रंग. दोष नाही.' मग आत्याला म्हटलं, बघ.

आत्याने डोळा लावला आणि किंचाळलीच. "अगं बाई! धूर खाली चाललाय! चिमणी आभाळातून लोंबतीये!"

मी परत पाहिलं. खरंच की... चिमणी उलटी होती. दहा मिनिटं मी तिच्याकडे बघत होते आणि मला ते जाणवलंच नव्हतं.

सर हसायला लागले. आधी पाच जण दुर्बीण बघून गेले म्हणे, आणि पाचही जणांनी सांगितलं की भिंग उलटं बसलंय, दुरुस्त करून ठेवा. कंत्राटदार म्हणाले, नाही तरी शोकेसमध्येच ठेवायची, उलटी तर उलटी. आकाशाच्या साध्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, हे ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही.

"तुला कसं नाही खटकलं, सुमन?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, सर, मी रोज तसंच बघते. पाझर तलावाच्या आखणीवर आमच्याकडे जुनी डंपी लेव्हल आहे, जमिनीचे चढउतार मोजायची दुर्बीण. तिच्यात समोरचा मदतनीस डोक्यावर उभा दिसतो आणि त्याच्या हातातल्या पट्टीवरचे आकडे उलटे वाचावे लागतात. दोन वर्षांत डोळ्यांना तेच सरळ वाटायला लागलंय.

सर दुर्बिणीपासून बाजूला झाले. म्हणाले, "मग शनी तूच लाव. मी हात लावणार नाही."

यंदा पाऊस नाही, त्यामुळे आभाळ स्वच्छ... याचा आनंद मानायला बरं वाटत नाही, पण स्वच्छ होतं. सातला शनी बराच वर होता. मान मोडेपर्यंत वाकून शोधला. सापडला.

कडं दिसतं. लहान, पण नीट वेगळं. चित्रातल्यासारखं, फक्त खरं. एवढंच लिहिते.

मग आत्याची पाळी. ती दर शनिवारी उपास करते, शनीला तेल घालते. तिने चपला काढल्या, पदर घेतला, हात जोडले आणि डोळा लावला. "काहीच दिसत नाही गं."

"वहिनी," सर हळूच म्हणाले, "डोळे उघडा."

तिने नमस्कारासाठी दोन्ही डोळे मिटले होते! "त्याच्या नजरेला नजर द्यायची नसते," ती पुटपुटली. तेवढ्यात शनी सरकत सरकत नळीच्या बाहेर गेला. मी एका हाताने तो परत आणला, पहिल्याच प्रयत्नात. उलट्या चित्रात नळी कुठे ढकलायची, हे मला विचार न करता कळतं. सर बघत होते.

आत्याने एक डोळा उघडला. मग तो नळीवरून काढेचना. मग म्हणाली, "एवढासा? आणि किती देखणा आहे गं... उगीच घाबरले इतकी वर्षं." खाली उतरताना तिने सरांना बजावलं, "त्या कंत्राटदाराला इतक्यात काही कळवू नका."

म्हणजे आता अडचण एकच, स्टँड. वाळवीच्या पायावर नळी थरथरते, शनीचे दोन शनी होतात. साइटवरचा सरकारी स्टँड मी घरी आणणार नाही.

कुसुम, तू तुमच्या वर्कशॉपमध्ये शिकवतेस. सागवानी तीन पायांचा स्टँड, उंची पाच फूट, वर फिरती पितळी बैठक... होईल का? मापं मागच्या पानावर काढली आहेत.

घरी आल्यावर माझ्या पर्समध्ये दुर्बिणीच्या भिंगाचं झाकण सापडलं. चुकून आलं असावं. ते परत द्यायला येत्या रविवारी, सर निघायच्या आदल्या दिवशी, जायचंच आहे, तेव्हा सरांना उत्तरही द्यावं लागेल.

वही तुझ्याकडेच आधी पाठवते आहे. स्टँड होईल की नाही, एवढंच कार्डावर लिही. शुक्रवारपर्यंत मला मिळायला हवं.