बंद बटणामागचा करंट

आक्कांना शेणाची किळस नव्हती, तुंबलेल्या मोरीची नव्हती, आजारी माणसाच्या ओकारीचीही नव्हती. स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारात सगळं त्यांनीच केलं, नाकाला पदर न लावता. पण कुणाच्या घरात बोर्डातून उघडी तार लोंबताना दिसली की त्यांचं तोंड असं व्हायचं, जणू भातात झुरळ निघालंय. "शी! माणसं राहतात का हितं?" हे त्या घरमालकाच्या तोंडावरच म्हणायच्या.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नांदेडला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायच्या. बाई शिकवते म्हणून सुरुवातीला पोरं हसायची. मग आक्का एखाद्याचा ढिला जॉइंट सगळ्यांसमोर दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेला उंदीर उचलावा तसा, कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. हसणं तिथंच थांबायचं.

निवृत्त झाल्या तरी टेस्टर पर्समधून गेला नाही. कुणाकडं गेलं की पाणी नंतर, आधी बोर्ड. एकदा चुलत पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही जळकोटला गेलो. पोहे समोर आले आणि आक्का उठून भिंतीकडं गेल्या.

"उलटं हाय. फेजच्या जागी न्यूट्रल."

मुलाचे वडील हसले. "पण फॅन फिरतोय की, ताई."

"फिरतोयच. म्हणून तर तुमाला काय वाटंना."

पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. उष्ट्या ताटात वाढल्यासारखं वाटतंय, असं माझ्या कानात म्हणाल्या. पण आक्कांचं कानातलं बोलणंसुद्धा सगळ्या बैठकीला ऐकू जायचं. ते लग्न जमलं नाही.

उलटं म्हणजे काय, हे त्यांनी मला परतीच्या गाडीत समजावलं. "करंट फेजच्या तारंतून येतो. बटणानं ती तार तोडायला पाहिजे. तारांची अदलाबदल झाली की बटण न्यूट्रल तोडतं. दिवा विझतो, पण होल्डर जिता राहतो. आपण समजतो मेला."

मला हे सगळं तेव्हा थोडं अतीच वाटायचं.

मग आमची मुलगी प्रज्ञा नीट परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला राहायला गेली. मुलींचं खासगी वसतिगृह. बाहेरून ताजा गुलाबी रंग, दारावर चकचकीत पाटी. तिच्या खोलीत बिलोलीची सारिका होती. एका संध्याकाळी बल्ब गेला. सारिकानं बटण बंद केलं, लोखंडी पलंगावर चढली, जुना बल्ब काढला आणि नवा लावताना तिची बोटं होल्डरला लागली. ती फेकली गेली. उजवं मनगट मोडलं, दोन बोटं भाजली. त्याच हातानं तिला परीक्षा द्यायची होती.

"आई, बटण बंद होतं गं. मी बघितलंय," प्रज्ञा फोनवर रडत होती.

मी आक्कांना कळवलं. दुसऱ्या दिवशी कंधारच्या घरून आम्ही नवराबायको आणि नांदेडहून त्या, लातूरला पोचलो.

मालक व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. "ताई, पोरीनं बटण चालूच ठेवलं असल. आजकाल यांचं ध्यान मोबाईलमधी असतंय."

आक्का त्याला त्या खोलीत घेऊन गेल्या. "बटण बंद करा. तुमच्याच हातानं."

त्यानं केलं. आक्का पलंगावर चढल्या आणि होल्डरात टेस्टर टेकवला. तो लाल पेटला. दारात मुलींची गर्दी झाली होती.

"आता बोट घाला ह्याच्यात."

मालकानं हात पाठीमागं घेतला.

"का? बटण तर बंद हाय."

वरचा मजला चढवताना मीटर बाहेर हलवला होता. तिथंच तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे सगळ्या घराचीच तऱ्हा ती. अर्थिंगचं भोक नुसतंच दाखवायला. मागं तारच नव्हती. आक्कांनी एक बोर्ड उघडला तर आत जॉइंटला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यांना खरोखर उमासा आला. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सुट्ट्या लागल्या की करून घेतो," मालक म्हणाला. "तोवर पोरींनी बल्बला हात लावू नये."

"भिताड रंगवायला सुट्ट्या लागल्या न्हाईत वाटतं."

"पटत नसल त्यांनी खुशाल जावं."

माझा नवरा पुढं झाला. "आक्का, जाऊ दे ना आता. मधीच खोली सोडली तर दुसरी कुठं मिळायची? ते करतो म्हणून राहिले ना."

आक्कांनी सख्ख्या भावाकडं पाहिलं. तो चेहरा मी त्याआधी फक्त बोर्डांसमोर पाहिला होता.

"तुला बी चालतंय हे?"

तो काही बोलायच्या आत प्रज्ञानं आपली गादी गुंडाळली आणि बाहेर अंगणात नेऊन टाकली. तिच्यामागं शेजारच्या खोलीतली मुलगी, मग बाकीच्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, तसा मालकानं फोन काढला. दुपारपर्यंत परवानाधारक वायरमन आला. आक्का त्याच्या मागं उभ्या राहिल्या. उलट्या तारा सरळ झाल्या, अर्थिंग झालं, करंट गळला की आपोआप तुटणारा स्विच बसला, एकेक बोर्ड त्यांनी पुन्हा तपासला, तेव्हा गाद्या आत गेल्या. मालकानं चहा आणला. आक्कांनी कप बघितलासुद्धा नाही.

परतताना आक्कांनी गाडीच्या खिडकीला डोकं टेकलं. मग म्हणाल्या, "सारिका पडली तवा त्या मालकानं पहिल्यांदा काय इचारलं, प्रज्ञानं सांगितलं का तुला? बल्ब फुटला का, म्हणून."

तेव्हापासून कुणाच्या घरात गेलं की माझीही नजर आधी बोर्डाकडं जाते.

यंदा आक्कांना पोटाचं दुखणं लागलं. नांदेडच्या दवाखान्यात त्या कुणाच्या हातचा घास घेईनात. सगळ्याला औषधाचा वास येतो म्हणायच्या. सारिका बिलोलीहून भेटायला आली. एक वर्ष वाया गेल्यावर ती पुन्हा परीक्षेला बसली होती. तिची दोन बोटं अजून पुरती मिटत नव्हती. त्याच हातानं तिनं चमचा धरला आणि आक्कांना पेज भरवली.

आक्कांनी तोंड वाकडं केलं. "शी! आळणी हाय."

पण वाटी रिकामी होईपर्यंत तोंड उघडत राहिल्या. त्यानंतर आक्का जाईपर्यंत त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही.