दादाच्या हाताचा दोष

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित — नाही, म्हणूनही नाही. एकदा सांगायला हवं, एवढंच.

सालेकशाजवळच्या आमच्या गावात माझा थोरला भाऊ, संजूदादा, भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. दोघांना शिकवणं घराला झेपत नव्हतं, म्हणून दहावीनंतर त्याने शाळा सोडली. तो उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, आणि मी नागपूरला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचो. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्याच्यामुळे. हे मी कधी विसरलो नाही. विसरलो असतो तर सोपं गेलं असतं का?

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. दादाने मागच्या खोलीत स्टुडिओ करायला घेतला. भिंतींना पोती ठोकली, जुना कॉम्प्युटर आणला, एक माईक आणला. भीमजयंतीला पार्टीची स्वतःची सीडी काढायची होती. राहिला होता गिटारचा अँप्लिफायर, म्हणजे अँप. तो मी निवडायचा — शिकलेला मीच ना!

नागपूरच्या दुकानात दादाने मांडीवर मावेल एवढ्या एका अँपवर दोन सूर वाजवले आणि हसला. "हा बोलून राहिला गा बापू. आपल्या खोलीले पुरते."

दुकानदारही हसला. कशाला हसला — कोण जाणे. मला वाटलं, दादाच्या बोलीला. माझे कान तापले. आमच्या वस्तीत मशीन पारखायची एकच रीत: मिरवणुकीतला आवाज तलावापलीकडच्या टोलीवरच्या घरांपर्यंत गेला, की मशीन चांगली. मी तीच रीत इंग्रजी शब्दांत गुंडाळून दुकानात मांडली. वॅट, स्पीकरचा आकार — काय काय बोललो! गिटारच्या अँपमधलं मला खरं तर काही कळत नव्हतं. पण मोठाच घ्यायला लावला. दादाने छोट्या अँपवरून एकदा हात फिरवला.

त्या एवढ्याशा खोलीत मोठा अँप जरा उघडला की छपराचे पत्रे थरथरायचे, पलीकडच्या फळीवरची भांडी वाजायची, आणि ते सगळं माईकमध्ये जायचं. कमी ठेवला तर गिटारचा आवाज मेलेला. दादा रोज वाजवून रेकॉर्ड करायचा, रोज पुसून टाकायचा.

इकडे होस्टेलवर मी एका मित्राच्या छोट्या अँपवर गिटार रेकॉर्ड करून पाहिली. स्वच्छ, गोल सूर आला. दादाचं बरोबर होतं. मला कळलं — नीट, पूर्ण कळलं.

त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "काऊन असा येते गा आवाज? मशीनचा दोष आहे, का माह्या हाताचा?"

इथे मी थांबलो होतो. फार नाही — एक श्वास.

"हाताचा," मी म्हणालो. "तुझा हात जड आहे, दादा. रेकॉर्डिंगला हलका हात लागतो."

"असन गा," तो म्हणाला. "तू शिकला, तुले कळते."

सीडी निघाली, तिच्यात गिटार नाही. दादाने आमगावहून एक कीबोर्डवाला बोलावला. पुढे तो पार्टीत बसेनासाच झाला. गिटार पोत्याच्या खिळ्याला लटकली. अँप मात्र दर जयंतीला हातगाडीवर निघतो, आणि त्याचा आवाज तलावापलीकडे जातो. "साहेबानं पसंत केला," लोक माझ्याबद्दल सांगतात. गाडी दादा ढकलतो.

गेल्या जयंतीला माझ्या मुलीने खिळ्यावरची गिटार उतरवली. "मोठे बाबा, शिकवा ना."

दादाने दोन्ही हात मागे घेतले. "तुह्या बाबाले विचार, बाई. त्याले कळते. माहा हात जड आहे."

मुलीने गिटार माझ्यासमोर धरली. दादा बघत होता — कौतुकाने बघत होता.

"हलका हात ठेव," मी तिला म्हणालो.