तिला गोड करू नका

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओसरीवर बसून मेथी निवडणं. "अहो, देठ कशाला टाकताय भाजीत? घरात गुरं बांधलीत का?" एवढं बोलून ती आत गेली आणि चुलीपाशीच कोसळली. त्यानंतर ती बोललीच नाही.

माझा पुतण्या गोष्टी लिहितो. परवा त्याने तिच्यावर लिहिलेली गोष्ट मला वाचून दाखवली. त्यात ती जाताना माझा हात धरून म्हणते, "स्वतःला जपा."

"असं ती जन्मात बोलली नाही," मी म्हणालो.

"काका, वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला नको का?"

"मग त्याला कांदा दे. माझी बायको बदलू नकोस."

मी चौथी शिकलेला, पण गोष्टी लिहिणाऱ्यांना एवढं सांगतो. माणूस गेलं की त्याला गोड करायची घाई होते, आणि गोड केलं की ते कुणाचंही होतं. तिचं ते करवादणं पुसलंत, तर माझ्याकडे राहिलं काय? हात धरणाऱ्या बायका गोष्टींत ढिगानं आहेत. देठांवरून मला झापणारी एकच होती.

पुतण्या चिडून म्हणाला, "मग तुम्हीच लिहा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: ती घोरायची.