प्रेमिलाबाईंचं लाल सोनं

नागपुरातल्या इंदोऱ्याच्या प्रेमिलाबाई खोब्रागडे एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता सोन्याचे अतिसूक्ष्म कण. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नसत. पाण्यात तयार झाले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होई. मीठ पडलं की निळं होऊन सगळं तळाशी बसे. त्यापुढे काही गाडी जाईना.

१९८४च्या हिवाळ्यात नागपुरात देशोदेशींच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, सगळे एकत्र. दारावरच्या मुलीने प्रेमिलाबाईंचे पिकलेले केस पाहिले आणि त्यांना पाहुण्यांच्या रांगेत नेऊन बसवलं.

"अगं, मी विद्यार्थी आहे," असं सांगून त्या मागे गेल्या. कान मात्र तापले होते. जेवणाच्या सुट्टीत सरळ घर गाठावं, असं मनात आलं.

शेजारी इलोना नावाची हंगेरीची मुलगी बसली होती. ती पेशींचा अभ्यास करायची. प्रेमिलाबाईंनी सोबत आणलेली लाल पाण्याची बाटली बघून तिने विचारलं, तेव्हा प्रेमिलाबाईंनी जपून जपून इंग्रजीत सगळं सांगितलं, मिठाचंही.

"पेशींवर खूण करायला मला असेच कण हवेत," इलोना म्हणाली. "पण पेशी खारट पाण्यातच जगतात. आधी प्रथिन घालून बघायचं का?"

प्रेमिलाबाईंनी ते पुस्तकात वाचलं होतं. पण कण निर्भेळ राहावेत म्हणून त्या वाटेला गेल्या नव्हत्या. दुपारी दोघींनी प्रेमिलाबाईंच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अंड्याचा पांढरा भाग पातळ करून घातला, मग मीठ. पाणी लालच राहिलं. घरी जायचं राहूनच गेलं.

इलोनाने थोडे कण सोबत नेले आणि उन्हाळ्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो पाठवला. आपण घडवलेले कण प्रेमिलाबाई पहिल्यांदाच बघत होत्या. मग त्यांनी फोटो आईकडे, बायजाबाईंकडे दिला.

"हे सोनं होय वं?" बायजाबाईंनी विचारलं. "मंग काळं काहून दिसून राहिलं?"

"सावली होय आई. सोन्यानं किरण अडवले, त्याची."

"अन् एवढ्याशा ठिपक्यायची तुले डिग्री देतेत?"

"देतेत."

बायजाबाईंनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

पुढे दोघींच्या नावाने एक शोधनिबंध छापून आला. सत्त्याऐंशी साली प्रेमिलाबाईंना पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांची मुलगी दहावी झाली आणि जीवशास्त्र घेते म्हणाली.

"घे," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "पण केमिस्ट्री सोडू नको."