न येणाऱ्यांचा तक्ता

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी धुके, मग ऊन. पडदे धुतले. दाढ दुखते आहे. शनिवारची वेळ कधीचीच घेतलेली आहे. भाची क्लिनिकमधून तोंड पाडून आली. तक्ता आपटला म्हणते.

मावशीच्या डायरीतली ही भाची दातांच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर बसते आणि मावशीकडेच राहते. घरात तिला ‘वेळेवर’ म्हणतात, कारण ती आजतागायत कुठेही वेळेवर पोचलेली नाही. जन्मसुद्धा उशिरानेच झाला, असं तिची आई सांगते. अशा मुलीला नाद लागावा तो वेळेचाच!

क्लिनिकची रड एकच होती. लोक वेळ घेत आणि येत नसत. दाढ ठणकायची थांबली की माणूस डॉक्टरांना विसरतो. डॉक्टरीणबाई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायच्या आणि ज्यांना वेळ मिळाली नाही ते घरी गाल धरून बसायचे. कोण येणार नाही हे आधी कळलं तर ती वेळ दुसऱ्याला देता येईल, असं वेळेवरच्या डोक्यात आलं. जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर होत्याच: कोणी कधी वेळ घेतली, भेट कधीची होती, आला की नाही. त्यांच्या तक्त्यावरून पुढे कोण येणार नाही हे कॉम्प्युटरने ओळखायचं, असा तिचा बेत. पण नुसत्या तारखेतून कॉम्प्युटरला काय कळणार? म्हणून तिने तारखांची फोड करून एकेक रकाना वाढवला. वार कोणता, सकाळ की संध्याकाळ, वेळ घेतल्यापासून भेटीपर्यंत किती दिवस गेले. शेवटी तिचा लाडका रकाना: याआधीची भेट चुकवल्याला किती दिवस झाले. जुन्या नोंदींवर चालवून पाहिलं तर निकाल बिनचूक. कोण आला, कोण नाही, तक्त्याने सगळं बरोबर ओळखलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खऱ्या दिवसावर चालवून दाखव. जमलं तर मागच्या खोलीतलं टेबल तुझं, तक्त्यांचं काम तुझं. नाही जमलं तर फोन आहेच. त्या फोनचा तिला इतका वीट आला होता की झोपेतही ती ‘बोला, क्लिनिक’ म्हणायची.

गुरुवारची यादी बघून तक्ता म्हणाला, सगळे येणार. अगदी लिफ्टवालासुद्धा, जो फोनवर ‘हा काय, जिन्यातच आहे’ म्हणतो आणि दिसत नाही. निम्मे लोक फिरकले नाहीत. हातमोजे चढवून बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुझा तक्ता फार भोळा आहे गं.” आणि शनिवारपर्यंतची मुदत दिली.

घरी येऊन तिने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने तिच्यापुढे दूध ठेवलं आणि म्हणाली, “झालेलं सगळं सांगतो आणि व्हायचं काहीच नाही? तुझ्यावरच गेलाय.”

वेळेवर फणकारली. तक्ता किती हुशार आहे हे दाखवायला तिने लॅपटॉप उघडून लिफ्टवाल्याच्याच ओळी काढल्या. पहिल्या ओळीवर तिचं बोट अडलं. त्याची ती पहिलीवहिली भेट, तीही चुकवलेली, आणि लाडक्या रकान्यात शून्य. पहिल्याच भेटीच्या आधी हा कुठली भेट चुकवून आला? तिने कपाळावर हात मारला. मोजताना तिने त्याच दिवसाची गैरहजेरीही धरली होती. जो आला नाही त्याच्यापुढे शून्य, आणि शून्य दिसलं की कॉम्प्युटर म्हणणार, आला नाही. उत्तर प्रश्नातच लिहून ठेवल्यावर कोण नापास होईल? पुढच्या भेटींना ते शून्य मिळणार कुठून, म्हणून सगळे येणार!

शुक्रवारी तिने रकाना नव्याने मोजला, भेटीच्या आदल्या दिवसापर्यंतचाच. जुन्या नोंदींवरचा निकाल बराच घसरला, पण शनिवारच्या यादीत त्याने लिफ्टवाल्यावर खूण केली. आणि मावशीवर.

“मावशी, तू येणार नाहीस म्हणतो हा.”

मावशीने वेळ कधीचीच घेऊन ठेवली होती आणि मागच्या दोन्ही वेळा ऐनवेळी पाहुण्यांची सबब काढली होती, हे खरंच होतं. पण खरं बोललेलं आवडतं कोणाला? शनिवारी ती चपला घालून दारात उभी राहिली आणि भाचीला ओढतच घेऊन निघाली. वेळेवर त्या दिवशी वेळेवर पोचली.

मावशीच्या वेळेला डॉक्टरीणबाईंनी गाल सुजलेल्या एका मास्तरांना बोलावलं होतं. खुर्ची एक, माणसं दोन. “पहिला तक्ता चुकत नव्हता, हा चुकतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग हा बरा कसा?”

वेळेवर म्हणाली, “त्याला उत्तर आधीच सांगितलेलं होतं, डॉक्टर. चूक माझी. याला नाही सांगितलं, म्हणून हा चुकेल. थोडा.”

मावशीने मास्तरांना पुढे जाऊ दिलं. लिफ्टवाल्याची वेळ झाली. त्याने फोनवर जिन्यातच असल्याचं सांगितलं आणि तो आला नाही. त्याच्या वेळेला मावशी खुर्चीत बसली. दाढ निघाली तेव्हा डॉक्टरीणबाई मागे वळून म्हणाल्या, “ते टेबल पुसून घे. दुसरी मुलगी मिळेपर्यंत फोनही उचल. आणि सोमवारी, तू येणार नाहीस असं तक्त्याने सांगायच्या आत ये.”

शनिवार, १५ नोव्हेंबर. खालची डावी दाढ काढली. पडदे वाळले, बैठकीचे लावले, आतले उद्या.